वाचन व गणित यांच्या अध्यापकांचे प्रशिक्षण : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

२०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जो वाद उद्भवला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’, ‘साठ सात’ असेही करता येईल, अशी योजना त्या पुस्तकात होती. प्रचलित संख्यानामे काढून टाकलेली नव्हती. नव्या नावांबरोबर तीही छापलेली होती. तथापि मराठी भाषा बुडाली अशी हाकाटी झाली आणि विधिमंडळातही हा विषय गाजला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी भरलेली व उलट क्रमाची संख्यानामे लहान मुलांना जड जातात, हे आपले कारण शांतपणे पुनःपुन्हा सांगितले. या सर्व गदारोळात एका व्यक्तीचा उल्लेख मात्र क्वचितच झाला. ती व्यक्ती म्हणजे हे पुस्तक हाती घेऊन वर्गात उभी राहणारी शिक्षिका. ‘त्रेपन्न’ व ‘पन्नास तीन’ यांत नेमका भेद कोणता, तो मुलाला कोठे अडवितो आणि कोठे अडवीत नाही, हे तिला तिच्या प्रशिक्षणात कोणी शिकविले होते काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. सुधारणा योग्य होती की अयोग्य, हा नव्हे.

प्रथम संख्यानामांचे स्वरूप पाहू. ‘त्रेपन्न’ या शब्दात तीन आधी व पन्नास नंतर येतात. लेखनात मात्र ५ डावीकडे व ३ उजवीकडे. उच्चाराचा क्रम व चिन्हांचा क्रम परस्परविरुद्ध आहेत. कानडीत असे होत नाही. तेथे वीस आधी, एक नंतर, आणि लेखनही तसेच. परंतु क्रम ही एकच अडचण नव्हे. पन्नासचे रूप एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न यांत ‘वन्न’ होते, तर त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत ‘पन्न’. सत्तरचा ‘स’ एकाहत्तर, बाहत्तरमध्ये ‘ह’ होतो. ‘दोन’ या शब्दाचा तर बारा, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी यांत मागमूसही उरत नाही. ही रूपे प्राकृतातून घासत घासत आलेली आहेत आणि भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकास ती मोठी मेजवानी होय. सात वर्षांच्या मुलास मात्र प्रत्येक नाव जवळजवळ स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करावे लागते. त्यातही एकोणतीस, एकोणचाळीस ही मालिका सर्वांत विलक्षण. ‘एकोणतीस’ या शब्दात नऊ नाही आणि वीसही नाही. आहेत ते एक आणि तीस, व त्यांमधील ‘ऊन’ म्हणजे उणेपणा. ही मालिका एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला अकस्मात मोडते. याचे कारण मुलाने विचारले तर शिक्षिकेने काय सांगावे?

आता लिपीकडे वळू. ‘दि’ या अक्षरात पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे लागते, परंतु उच्चारात स्वर व्यंजनानंतर येतो. ‘पर्वत’ या शब्दातील रफार ‘व’च्या डोक्यावर बसतो, परंतु उच्चारला जातो त्याच्या आधी. म्हणजे चिन्हांचा क्रम व ध्वनींचा क्रम यांची फारकत, जी संख्यानामांत आहे, तीच लिपीतही आहे. वाचन शिकविणारा एक व गणित शिकविणारा दुसरा, असा भेद आपण विद्यापीठात करतो. मूल ज्या ठिकाणी अडखळते ते ठिकाण दोन्हीकडे एकच असते.

काही वर्षांपूर्वी एका अध्यापक महाविद्यालयाच्या सरावपाठांसाठी निरीक्षक म्हणून मला बोलावणे आले होते. दुसरीच्या वर्गात एका मुलाने ‘त्रेपन्न’ ऐकून आधी ३ लिहिला, डावीकडे जागा राखली व तेथे मग ५ लिहिला. त्याच वहीत त्याने ‘दिवा’ हा शब्द ‘दीवा’ असा लिहिला होता आणि एकोणतीस ही संख्या ३१ अशी. प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने पहिल्यास बरोबरची खूण केली, दुसऱ्याखाली ‘शुद्धलेखन’ असा शेरा मारला व तिसऱ्याखाली ‘लक्ष नाही’. शिक्षिका मेहनती होती व तिचा फळाही नेटका होता. परंतु त्या तिन्ही ठिकाणी मूल एकाच नियमाने वागत होते: कानावर जे ज्या क्रमाने पडेल तसे ते हाताने मांडत होते. ‘दिवा’मधील इकाराची ऱ्हस्वता त्याच्या कानाला वेगळी जाणवत नव्हती, आणि स्वर नंतर ऐकू येतो म्हणून खूण नंतर, हे त्याला स्वाभाविक वाटले. एकोणतीसमध्ये त्याने एक व तीस ऐकले आणि त्यांची बेरीज केली. लक्ष नसलेले मूल अशी सुसंगत चूक करू शकत नाही. माझ्या हाती दिलेल्या निरीक्षणपत्रकात प्रस्तावना, हेतुकथन, शैक्षणिक साधने, प्रश्नकौशल्य असे स्तंभ होते; मुलाच्या चुकीचा अर्थ लावण्यासाठी स्तंभ नव्हता. मी तो समासात लिहिला. पुढे त्याचे काय झाले ते ठाऊक नाही.

यास्तव दोष त्या शिक्षिकेचा म्हणता येत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व त्याबरोबर जो आराखडा आला, त्यात भाषेविषयी दोन गोष्टी ठळक आहेत. एक, सर्व शालेय विषयांतून भाषेचे स्थान काय, याविषयीची अर्धी अभ्यासपत्रिका. दुसरी, संहितांचे वाचन व त्यांवर चिंतन हा उपक्रम. दोन्ही स्वागतार्ह आहेत. परंतु दुसऱ्या उपक्रमात वाचणारा कोण? भावी शिक्षक. त्याने स्वतः पुस्तके वाचावीत व विचार करावा, हा त्याचा हेतू. न वाचणाऱ्या मुलाला वाचावयास कसे शिकवावे, हा विषय तेथे येत नाही. गणिताच्या अध्यापनपद्धतीच्या तासिकेत शाब्दिक उदाहरणांचा विचार होतो, परंतु तो गणिती क्रियांच्या अंगाने. ‘सलीमकडे मीनापेक्षा ३ पेरू जास्त आहेत, सलीमकडे ८ आहेत, तर मीनाकडे किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ हा शब्द ऐकताच अनेक मुले बेरीज करतात. ही चूक अंकगणिताची नसून ‘पेक्षा’ या शब्दयोगी अव्ययाने जोडलेल्या वाक्याच्या आकलनाची आहे, हे सांगण्याचे काम कोणत्या तासिकेचे? गणिताचा अध्यापक ते भाषेकडे ढकलतो आणि भाषेचा अध्यापक गणिताकडे.

बी.एड. मुख्यतः माध्यमिक शाळांसाठी आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. २०१८ मध्ये परिषदेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीचे वर्ग खुले केले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होय. परंतु त्याचा शैक्षणिक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. प्राथमिक वर्गांसाठी मुख्य मार्ग उरला तो बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या पदविकेचा. ध्वनी व चिन्ह यांच्या संबंधाचे सर्वांत सूक्ष्म ज्ञान जेथे लागते, तेथे आपण सर्वांत अल्प विद्यापीठीय शिक्षणाची अट ठेवली आहे. बरे, त्या पदविकाधारकांना शिकविणारे प्राध्यापक कोठून येतात? बहुधा एम.एड. होऊन, म्हणजे माध्यमिक वर्गांच्या सरावातून. पहिलीचा वर्ग ज्याने कधी घेतलेला नाही, तो पहिलीच्या शिक्षकांना घडवितो. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असे २०२० मध्ये म्हटले, आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरविली. मुदत पदवीच्या आधी संपते, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्यास दिसते.

जुनी पद्धत काय वाईट होती, असे विचारणारे सुज्ञ लोक आहेत. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत होत आणि बाजारातील हिशेब तोंडी सुटत. त्या पद्धतीचा मला तिरस्कार नाही. मराठीने ‘पावणेदोन’ व ‘एकोणवीस’ यांत उणेपणाचे एकच तत्त्व राबविले आहे, हे त्या घोकंपट्टीतून कानाला आपोआप कळत असे. परंतु ती पद्धत मुखाची होती, लेखनाची नव्हे. दीड म्हणजे १.५ हे लिहावे लागते तेव्हा ‘दीड’ या शब्दात एक सापडत नाही व पाचही सापडत नाही. शिवाय त्या शाळेत कोण टिकत असे आणि कोण उंबऱ्याबाहेर राहत असे, हा प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात मांडलाच होता. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत व ते मुख्यतः शेतकरीवर्गातून यावेत, हीही मागणी त्यातच आहे.

नावे बदलल्याने सर्व सुटेल, हाही भ्रम होय. नॉर्वेने १९५१ मध्ये एकक-आधी मोजणी अधिकृतपणे सोडली व दशक-आधी मोजणी स्वीकारली. दूरध्वनीखात्याची सोय हे त्यामागील एक निमित्त होते. तरी जुनी मोजणी लोकांच्या बोलण्यातून अनेक दशके गेली नाही. म्हणजे शाळेत एक क्रम आणि घरी दुसरा, अशा दुभाषिक अवस्थेत मुले वाढली. महाराष्ट्रातही ‘पन्नास तीन’ शिकलेले मूल दुकानात ‘त्रेपन्न रुपये’ हेच ऐकणार. दोन्ही नावांमधून त्याला ये-जा करविणारी शिक्षिका नसेल तर सुधारणा अर्धीच राहते. २००५ पासून ‘असर’ची जी सर्वेक्षणे होत आली, त्यांत ११ ते ९९ या संख्यांची ओळख गणिताच्या रकान्यात नोंदली जाते. मूल ५३ म्हणजे पाच दशक व तीन एकक हे जाणत असेल, पण त्याला ‘त्रेपन्न’ हा शब्द आठवत नसेल, तर ते गणितात नापास की वाचनात?

दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये सुरू केलेल्या चार वर्षांच्या प्रारंभिक शिक्षणाच्या पदवीत भाषेचे स्वरूप व मूलभूत गणित हे दोन्ही विषय होते. तेथील अभ्यास मराठीचा नव्हता हे उघड आहे. ‘एकोण’ची मालिका, ‘वन्न’ व ‘पन्न’, ‘जग’ या एकाच लेखनाचे दोन उच्चार व दोन अर्थ, ‘करवत’मधील न उच्चारला जाणारा अकार, यांचे पाठ मराठीतच तयार करावे लागतील. ते कोणी करावयाचे? या ठिकाणी आमच्या विषयाची बाजू लंगडी पडते. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर १९७३ मध्ये प्रबंध लिहिला व त्यानंतर त्याच गावी मुलांच्या वाचनशिक्षणाचे काम उभे केले. प्रबंधाकडून पहिलीच्या वर्गाकडे जाणारी ही वाट आमच्यापैकी फारच थोड्यांनी चोखाळली. बोलींच्या नोंदी करणारे, शब्दव्युत्पत्ती लावणारे विद्यार्थी दरवर्षी येतात. दुसरीच्या वह्यांतील चुका गोळा करून त्यांचे ध्वनिशास्त्रीय वर्गीकरण करीन, असा विषय घेऊन माझ्याकडे आजवर एकच विद्यार्थिनी आली. तिला मार्गदर्शक म्हणून शिक्षणशास्त्राकडे पाठवावे की आमच्याकडे ठेवावे, यावर दोन विभागांचा पत्रव्यवहार झाला व तेवढ्यात तिची नोंदणीची मुदत टळली.