चित्रशाळेतील मूर्ती आणि मातीचा स्वभाव

मूर्तिकलेवर लिहिणारे विद्वान बहुधा पाषाण आणि पंचधातू यांपलीकडे जात नाहीत. जी मूर्ती दीड दिवसाने पाण्यास मिळावयाची, तिचे गुणदोष काय पाहावयाचे, असा त्यांचा समज दिसतो. आम्हांस तो मान्य नाही. चवथीच्या आधी फोंडे महालातील एका चित्रशाळेत आम्ही दोन दुपारी बसून होतो. तेथे जे पाहिले, त्याला कलाविचाराच्या बाहेर ठेवणे अन्यायाचे होईल.

पडवीत यजमानांचे पाट ओळीने मांडलेले असतात. प्रत्येकावर खडूने घराण्याचे नाव. माती भिजवून, खडे वेचून, कुटून लोण्यासारखी होईपर्यंत मळतात. धड साच्यातून निघते. हात, सोंड, शेला आणि दागिने मागाहून हाताने जोडले जातात. मूर्ती पाऊस-पाण्याच्या दिवसांत वाळवायची म्हणजे मोठे धीराचे काम. घाई केली की चीर पडलीच. शेवटी डोळ्यांची आखणी. ती घरातील वडीलधाऱ्याने करावयाची आणि त्या वेळी पडवीत कोणी मोठ्याने बोलावयाचे नाही.

या मूर्तींचे सौंदर्य मातीच्या मर्यादेतून आले आहे, असे आमचे मत आहे. ओली माती लांब, सुटा हात तोलू शकत नाही. म्हणून हात अंगासरसे राहतात, सोंड डाव्या हातातील मोदकावर विसावते, आणि पोटाचा भार पाटावर नीट बसतो. सारी आकृती एका गोळ्यात एकवटते. वीतभर मूर्तीलाही जे भारदस्तपण येते, ते येथून.

प्लास्टर ऑफ पॅरिस हलके आणि टणक. त्यात हात पसरता येतात, मोराचा पिसारा उभारता येतो. अशा मूर्तींची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन यजमान आता शाळेत येतात व मातीत तेच मागतात. मग आत तारा घालाव्या लागतात, खाली टेकू द्यावे लागतात. माती तीच, पण ती दुसऱ्याची नक्कल करू लागते. फवाऱ्याच्या यंत्राने चढविलेला चकाकता रंग गालांचा चढउतार पुसून टाकतो. त्यावर आखलेला डोळा चिकटविल्यासारखा दिसतो. पाहिलेल्या मूर्तींपैकी बऱ्याच आम्हांस याच कारणाने फसलेल्या वाटल्या. साच्याला मात्र आम्ही दोष देणार नाही. साच्याने मूर्ती बिघडत नाही, उसन्या चित्राने बिघडते.

मोठेपणा आकारात नसतो हे गोमंतकीयांना सांगावयास नको. काही घराण्यांत आजही कागदावर रंगविलेला गणपती पुजतात. पोर्तुगीज अमदानीत मूर्ती उघड पुजणे धोक्याचे होते, त्या काळापासूनची ही चाल, असे मानतात. चार रेषांच्या त्या चित्रापुढे कोणाला काही उणे वाटले नाही.

त्या शाळेत आखणी येते ती एकट्या म्हाताऱ्याला. मुलगा साचे उत्तम भरतो, पण बारीक कुंचला हाती घेत नाही. हंगाम तीन-चार महिन्यांचा, आणि चित्राबरहुकूम काम केले की पैसा लवकर सुटतो, हा त्याचा हिशेब. तो खोटा आहे असे आम्हांस म्हणवत नाही. हिशेब बदलणे यजमानांच्या हाती आहे. यंदा आमचा पाट पोचविताना आम्ही चित्र नेले नाही. सोंड किती वळवावी, हे म्हाताऱ्यावरच सोपविले.