लांछनाला लांछन

आमच्या बेळगाव भागातल्या जैन घरांत जेवणं आटोपली की प्रश्नांचा खेळ रंगतो. शांतिनाथांचं लांछन? हरीण. नेमिनाथांचं? शंख. पोरं पटापट सांगतात, पण ती पाठांतराची परीक्षा. त्यात मौज बेताचीच. खरी मौज पुढच्या प्रश्नात. असे कोणते भगवंत, ज्यांच्या लांछनालाच लांछन आहे? उत्तर चंद्रप्रभ. त्यांचं चिन्ह चंद्र, आणि चंद्रावर डाग! 'लांछन' म्हणजे खूणही आणि कलंकही. इथं दोन्ही अर्थ खरे ठरतात, म्हणून ही कोटी मला अव्वल वाटते.

याउलट ती 'काय'ची कोटी. कन्नडमध्ये 'कायि' म्हणजे नारळ. सासूनं 'काय गं?' विचारलं आणि कानडी सून नारळ घेऊन आली, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. (हसतं कोण? सून सोडून सगळे.) शब्दांची जुळणी सुरेख, तरी मी त्याला कमीच गुण देते. सुनेनं 'हालु' मागावं, म्हणजे दूध, आणि सासूबाईंनी 'हळू' ऐकून पावलं हळू टाकावीत, हा विनोद मात्र कुणी रचत नाही. रचा की बायांनो, आणि सांगू दे सुनेलाच.