मेणाचा थेंब आणि ‘नको’चा अर्थ

पेटत्या मेणबत्तीचं वितळलेलं मेण जोडीदाराच्या अंगावर थेंबाथेंबानं टाकायचं आणि त्या चटक्यातून दोघांनी सुख घ्यायचं, या खेळाला ‘वॅक्स प्ले’ म्हणतात. तो पहिल्यांदा करू पाहणाऱ्या प्रौढांसाठी लिहिलेल्या सूचना इंटरनेटवर ढिगानं सापडतात. एका बैठकीत पाच-सहा वाचल्या की लक्षात येतं, हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याची क्रियापदं आज्ञार्थी, वाक्यं आखूड आणि विशेषणं जवळजवळ नाहीतच. चेहऱ्यावर टाकू नका. केसाळ जागी टाकू नका. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा. पाण्याची बादली जवळ ठेवा. पाककृतीसारखंच हे लेखन. कुणी त्याला साहित्य म्हणत नाही, त्यामुळे त्याची समीक्षाही होत नाही. मला ती करावीशी वाटते, कारण शरीरावर थेट परिणाम करणारं याइतकं लेखन दुसरं फारसं नसेल. कविता चुकीची वाचली तर फोड येत नाहीत.

या लेखनाची खरी स्पर्धा सिनेमाशी आहे. 1993 सालच्या ‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’मधला मेणबत्तीचा प्रसंग बऱ्याच जणांनी पूर्ण सिनेमा न पाहताच पाहिलेला असतो. मडोनाची रिबेका वकील झालेल्या विलम डफोचे हात त्याच्याच पट्ट्यानं बांधते, छातीवर मेण सांडते आणि वरून शॅम्पेन ओतते. सिनेमा तसा सुमार आहे, पण त्याच्या कथानकात एक गंमत आहे. रिबेकावर खुनाचा आरोप आहे. हृदयविकार असलेल्या प्रियकराला तिनं शय्येवरच मारलं, तिचं शरीर हेच हत्यार, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. म्हणजे समागमात कुणाला किती झेपतं, हाच खटल्याचा विषय. आणि त्याच खटल्यातल्या वकिलाच्या अंगावर मेण पडतं तेव्हा मेणबत्ती कसली, थेंब किती उंचीवरून, त्याला कुठे काही दुखणं आहे का, यातलं काहीही दिग्दर्शक उली एडेल यांना महत्त्वाचं वाटत नाही. कोर्टात दिवसभर प्रश्न विचारणारी माणसं खोलीत आली की प्रश्न संपतात. विचारलं की मजा गेली, हा सिनेमाचा जुना समज. सूचनांचं लेखन नेमकं याच्या उलट गृहीत धरतं, आणि मला तेच जास्त धीट वाटतं.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त प्रहारांवर अख्खा अध्याय आहे आणि त्यात चक्क अपघातांची नोंद आहे. चोळ राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका दगावली. कुंतलाधिपती शातकर्णी सातवाहनाच्या ‘कर्तरी’ नावाच्या प्रहारानं राणी मलयवती मेली. नरदेवाचा प्रहार चुकला आणि एका नटीचा डोळा गेला. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. तेव्हा नवशिक्यांसाठीच्या सावधगिरीच्या इतिहासात दख्खनचा वाटा आहे, तोही असा. असले कष्टदायक प्रकार वात्स्यायनाला मान्य नाहीत, ते तो स्पष्ट सांगतो. पण मजकुराची नजर कुठे आहे ते पाहा. कुणी मारलं आणि कशानं मारलं, हे नावानिशी नोंदलंय. मलयवती त्या रात्री काय म्हणाली, तिनं थांब म्हटलं होतं का, हे नाही. त्या नटीला तर नावही नाही.

आजच्या सूचनांतही हा दोष शिल्लक आहे. त्या लिहिल्या जातात मेणबत्ती धरणाऱ्या हातासाठी. उंची किती ठेवा, कुठे टाका, किती वेळानं टाका. ज्याच्या अंगावर मेण पडणार तो या वाक्यांत कर्म असतो, क्वचितच कर्ता. त्यानं कसं पडून राहावं, श्वासाचं काय करावं, पहिला थेंब कुठे हवा हे त्यानं कसं ठरवावं, याबद्दल दोन ओळीही नसतात. चांगल्या सूचना ओळखायची माझी कसोटी हीच. पडून राहिलेल्या माणसाला उद्देशून एकतरी वाक्य आहे का?

दुसरा दोष आकड्यांचा. सोयाचं मेण साधारण 45 ते 55 अंश सेल्सियसला वितळतं, पॅराफिन मिश्रणानुसार 46 ते 68 अंशांना, मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना. म्हणून सोया सुरक्षित, मधमाशीचं घातक, असा निकाल लावून सूचना पुढे जातात. यातलं मधमाशीचं मेण टाळा हे बरोबरच आहे. पण वितळण्याचा अंश म्हणजे मेण ज्या तापमानाला पातळ व्हायला लागतं तो, अंगावर पडणाऱ्या थेंबाचा नव्हे. वातीभोवतीचं तळं त्याहून बरंच तापलेलं असतं. काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्ती तासभर जळू दिली आणि ते साठलेलं तळं एकदम ओतलं, तर डब्यावर ‘सोया’ लिहिलेलं कामाला येत नाही. थेंब आणि ओतणं यांतला फरक मेणाच्या जातीइतकाच मोठा आहे.

1947 साली हार्वर्डच्या मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याचे प्रयोग प्रसिद्ध केले. 44 अंशांना काही तास लागतात, 60 अंशांना काही सेकंद पुरतात. मग फिजिओथेरपीच्या विभागात संधिवाताचे हात 50-54 अंशांच्या मेणात बुडवतात ते कसे? तिथे पॅराफिनमध्ये खनिज तेल मिसळलेलं असतं, थर्मामीटर लावलेला असतो, आणि मेण पाण्यापेक्षा उष्णता सावकाश पोचवतं. पहिला थर हातावर गोठला की तोच हातमोजा होतो. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ निघतात. त्यात आणखी एक मेख अशी की मेण गोठताना उष्णता बाहेर टाकतं. पाणी ओघळून जातं, मेण चिकटून बसतं. ‘पांढरं झालं म्हणजे गार झालं’ हा अंदाज म्हणून फसवा. थेंबावर थेंब एकाच जागी टाकत गेलं की खालची त्वचा ती उष्णता साठवत राहते. बहुतेक सूचनांत हे एवढं एकच वाक्य नसतं, आणि तेच सगळ्यात जास्त हवं असतं.

खरं तर हे आकडे ज्यांच्या घरात थर्मामीटर नव्हते त्यांनी भाषेत सोडवले होते. मराठीत ऊब आहे, धग आहे, झळ आहे, चटका आहे. पाणी कोमट असतं, ऊन असतं, कढत असतं. माणूस शेकतो, पोळतो, भाजतो, होरपळतो. शेक आणि चटका यांच्यामधली जी अरुंद पट्टी आहे, तिथेच हा सगळा खेळ चालतो, आणि ती पट्टी दाखवायला इंग्रजी सूचनांना एक ते दहा असा मोजपट्टीचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे ‘शेकतंय का पोळतंय?’ एवढं विचारलं तरी उत्तर नेमकं येतं. बाळाच्या बाटलीतलं दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघणारी प्रत्येक बाई या लेखनप्रकारातली पहिली सूचना पाळत आलेली आहे. फक्त मनगटाची त्वचा आणि पोटाची, मांडीच्या आतली त्वचा सारखी नसते, म्हणून थेंब आधी स्वतःच्या मनगटावर, मग जोडीदाराच्या पाठीवर, तोही हातभर उंचीवरून. उंची वाढली की थेंब वाटेत निवतो, पण नेम सुटतो आणि शिंतोडे उडतात. म्हणून उंची जेवढी जास्त तेवढं डोळ्यांपासून दूर.

भाजल्यावरच्या वारशात मात्र आपण भयंकर आहोत. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ. यातलं काहीही नको. वाहत्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, चिकटलेलं मेण ओढून काढायचं नाही, आणि फोड आला किंवा जागा पांढरट-बधिर झाली तर डॉक्टर. डॉक्टरांना काय सांगू या लाजेनं लोक रात्र काढतात. मेणबत्ती सांडली एवढं सांगितलं तरी उपचार तेच होतात.

लाज हा इथला खरा प्रश्न आहे. मराठीत असं सरळ, आज्ञार्थी लैंगिक लेखन करण्याची परंपरा अगदीच नव्हती असं नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि वाचकांच्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांचं गद्य रूक्ष आहे असं म्हणण्याची पद्धत आहे. मला तो रूक्षपणा आवडतो, कारण त्यात वाचकाला लाजवण्याची सोय नाही. आज मेणाबद्दल मराठीत शोधलं तर ब्युटी पार्लरच्या वॅक्सिंगचे दर मिळतात. (तिथली माहितीही वाया जात नाही. ज्या दिवशी वॅक्सिंग किंवा दाढी केली त्या दिवशी त्या जागेवर गरम मेण नकोच.)

सूचनांमधलं सगळ्यात नीरस वाटणारं कलम थांबण्याच्या शब्दाचं असतं. आधी एक शब्द ठरवा, तो उच्चारला की थांबा. अनेक जण हे कलम वगळून पुढे वाचतात, कारण ‘नको’ म्हटलं की कळेलच की. मराठी वाचकांनी तरी हे वगळू नये. आपल्या लावण्यांनी आणि सिनेमाच्या गाण्यांनी ‘नको’ हा शब्द इतका लाडिक करून ठेवलाय की त्याच्यात नकार उरलेला नाही. ‘नको ना’ म्हणजे हो, ‘इश्श’ म्हणजे नक्कीच हो, हे ऐकत दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. अशा भाषेत हातात जळती मेणबत्ती घेऊन ‘नको’चा अर्थ लावायला बसणं म्हणजे सातवाहनाच्या वाटेनं जाणं. लाल, पिवळा, हिरवा हे सिग्नलचे रंग बरे. त्यांना अजून कुणी चाल लावलेली नाही. आणि दोघांपैकी कुणी प्यायलेलं असेल, किंवा मधुमेहामुळे त्वचेचं भान कमी असेल, तर रंगांचाही उपयोग नाही, कारण चटका बसल्याचं मेंदूला उशिरा कळतं.

पहिला थेंब टाकण्याआधी ‘इथे?’ असं विचारणं, मिळालेल्या उत्तरानुसार हात सरकवणं, मग थांबून पुन्हा विचारणं. ‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’नं कापून टाकलेला भाग हाच, आणि शृंगार असलाच तर त्यातच आहे. डफोच्या चेहऱ्यावर कॅमेरा कितीही रेंगाळला तरी त्याला काय हवंय हे आपल्याला कळत नाही, कारण कुणी विचारलेलंच नाही. सूचना लिहिणाऱ्यांनाही आपल्या हातात काय आहे याचा पत्ता नसतो. ते विचारण्याला सुरुवातीची अट समजतात, एकदा फॉर्म भरला की झालं अशी.

आणि शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल तर कुणीच नीट लिहीत नाही. आधी अंगाला थोडं तेल लावलं असेल तर मेण सहज सुटतं, नसेल तर लव ओढली जाते आणि तो दुखण्याचा दुसराच प्रकार होतो. जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी धरून हलक्या हातानं खरवडायचं, सुरी नको. चादर सुती हवी, सिंथेटिक नको, आणि खाली जुनं वर्तमानपत्र नको, ते पेट घेतं. लाली तासा-दोन तासांत उतरायला हवी. हे सगळं होईपर्यंत मेणबत्ती विझलेली असते, खोलीत वातीचा वास असतो, आणि एक माणूस दुसऱ्याच्या पाठीवरचे वाळलेले थेंब एकेक करून काढत बसलेला असतो. यावर अजून कुणी सिनेमा केलेला माझ्या पाहण्यात नाही.