‘देवमाणूस’ : एक परीक्षण

झी मराठीवर २०२०-२१ मध्ये प्रसारित झालेल्या ‘देवमाणूस’ या मालिकेचा नायकच खुनी आहे. गावाला देवमाणूस वाटणारा अजितकुमार देव हा बोगस डॉक्टर स्त्रियांचा विश्वास संपादून त्यांचे प्राण घेतो. किरण गायकवाड यांच्या अभिनयामुळे त्या ढोंगाची मोहिनी आम्हांलाही जाणवली. हे मालिकेचे यश होय. परंतु तो आता कसा निसटेल या उत्कंठेत बळी पडलेल्या स्त्रिया विसरल्या जातात. हा दोष लेखकाइतकाच आम्हां प्रेक्षकांचाही आहे.

राजेश्वरसारख्या सीमाभागातील गावांत पाळकालाही लोक भाबडेपणाने देवमाणूस म्हणतात. असा मान मिळालेल्याला कोणी जाब विचारीत नाही. म्हणून पाळकांनी व धर्मशिक्षकांनी मंडळीला प्रश्न विचारण्याची मोकळीक स्वतःहून द्यावी.