दिवाबत्ती कर आणि उजेडाचे मोजमाप

गावच्या घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराचा एक वेगळा रकाना असतो. हा कर ठरला तेव्हा गावाची अडचण एकच होती, ती म्हणजे अंधार. ग्रामपंचायतीने खांब उभारावेत, दिवे लावावेत आणि त्याचा खर्च गावाने सोसावा, एवढाच त्यामागचा विचार. उजेड जास्त झाला तर काय करायचे, हा प्रश्न १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कर्त्यांना पडला नाही, आणि पडायचे काही कारणही नव्हते.

मला तो पडला एका मार्गशीर्षात, मिरजगावला. अहिल्यानगर–सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातील हे मोठे गाव. तालुका अवर्षणप्रवण. पावसाच्या बाबतीत हात आखडता घेणारे इथले आकाश तारे दाखवण्यात मात्र उदार, असा माझा समज होता. एका शिक्षकमित्राने नववीच्या मुलांना आकाशदर्शनासाठी जमवले होते. कृत्तिका वर आल्या होत्या, पूर्वेला मृग उगवला होता. मृगाच्या चार ठळक ताऱ्यांच्या चौकोनात आणखी किती तारे दिसतात, ते प्रत्येकाने मोजून वहीत लिहायचे होते. मुलांनी लिहिले, तीन. म्हणजे मधल्या बाणाचे तीन तारे, बाकी काही नाही. कारण समोरच्या रस्त्यालगतच्या एका दुकानावरचा जाहिरातीचा एलईडी पडदा दर काही सेकंदांनी लाल, निळा, पांढरा होत होता आणि त्याबरोबर मुलांचे चेहरेही. आम्ही इमारतीच्या मागे गेलो. डोळ्यांतील दंडाकृती पेशींना अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गप्पा मारल्या आणि पुन्हा मोजले. आकडे वाढले. एका मुलीने मृगाच्या बाणाजवळची धूसर तेजोमेघाची जागासुद्धा ओळखली.

परतताना मित्राने विचारले, "तक्रार करायची म्हटली, तर कोणत्या नियमाखाली करायची?" मी शास्त्रज्ञ, वकील नव्हे. तरीही त्या प्रश्नामुळे काही कायदे उघडून बसलो. जे दिसले ते शिक्षकांपुढे मांडावेसे वाटते, कारण त्यातील मुख्य दोष विज्ञानाच्या तासाला कळण्यासारखा आहे.

१९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात प्रदूषकाची व्याख्या आहे: अपायकारक ठरेल अशा प्रमाणात असलेला घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ. प्रकाश यांपैकी काहीच नाही. त्याला वस्तुमान नाही, तो जागा व्यापत नाही, दिवा बंद केला की मागे काही उरत नाही. व्याख्येच्या दृष्टीने तो निर्दोष सुटतो. ध्वनीचीही एकेकाळी हीच स्थिती होती. ध्वनी हादेखील पदार्थ नाही. पण १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि वायुप्रदूषकाच्या व्याख्येत 'ध्वनी धरून' असे शब्द घातले गेले. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत या वाक्याला गुण मिळाले नसते, पण त्याने काम केले. पुढे २००० साली ध्वनीचे स्वतंत्र नियम आले, डेसिबलच्या मर्यादा आल्या, रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ ठरला. आज गावात रात्री दहानंतर कर्णा वाजला तर कुणालाही तक्रार करता येते. त्याच कर्ण्याशेजारचा पडदा मात्र पहाटेपर्यंत चालू राहिला तरी हरकत घ्यायला आधार सापडत नाही.

सार्वजनिक उपद्रवाचे कलम आहे. पूर्वी ते दंड संहितेत होते, आता भारतीय न्याय संहितेत २७० क्रमांकाचे. पण उपद्रव म्हणजे किती, याचे माप नसेल तर वाद एकाच वळणावर अडतो. एक म्हणतो मला त्रास होतो, दुसरा म्हणतो मला तर होत नाही.

मग राहतात जाहिरातींचे नियम. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ३२८ 'आकाशचिन्हां'विषयी आहे. खांबावर, चौकटीवर उभारलेली आणि रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी सोडलेले फुगे आणि हवाई छत्र्यासुद्धा त्यात धरल्या आहेत! ही व्याख्या मला फार बोलकी वाटली. तिच्यात आकाश आहे ते केवळ पार्श्वभूमी म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी गरागरा फिरणारा, ढगाला जाऊन भिडणारा प्रकाशझोत हे खरे आकाशचिन्ह. पण त्याला ना चौकट, ना खांब. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला सुमारे १२० फूट गुणिले १४० फुटांचा फलक कोसळला आणि १७ माणसे गेली. तेव्हापासून आपल्याकडे फलकांची चर्चा पुष्कळ झाली. ती पाया, आकार, परवाना आणि शुल्क यांची होती. जीव गेले होते, त्यामुळे तसे होणे योग्यच. पण फलक म्हणजे लोखंड आणि महसूल, ही आपली समजूत त्यातून आणखी पक्की झाली. फलक हा प्रकाशाचा स्रोतही आहे, हे तिसरे अंग बाजूलाच राहिले.

आता जरा गणित करू. वर्गात करून पाहावे असे आहे. समजा पडदा ३ मीटर गुणिले ६ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर. बाहेर लावायचे एलईडी पडदे उन्हातही दिसावेत म्हणून बनवलेले असतात. त्यांचे तेज दर चौरस मीटरला ५,००० कँडेला असू शकते. दिवसा ते लागते. रात्री ते कमी केले नाही, तर समोरच्या दिशेने पडद्याची तीव्रता १८ × ५,००० म्हणजे ९०,००० कँडेला होते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. १०० मीटरवर ९०,००० ला १०,००० ने भागायचे, उत्तर ९ लक्स. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना जमिनीवर सुमारे पाव लक्स प्रकाश पडतो. म्हणजे शंभर मीटरवरच्या घराच्या खिडकीत छत्तीस पूर्णचंद्र. चंद्राइतका प्रकाश उरायला ६०० मीटर दूर जावे लागेल. तेज ३०० वर आणले तर शंभर मीटरवर ०.५४ लक्स, म्हणजे दोन चंद्र. तेही थोडे नाहीत, पण छत्तिसांपेक्षा पुष्कळ बरे.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात. त्याला दिसायचे आहे. हे त्याचे रास्त काम आहे. पण काळोखात अतितेजस्वी पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, डोळा नुसता दिपतो, आणि पुढचे काही सेकंद चालकाला कडेने चाललेली सायकल किंवा उसाची बैलगाडी दिसत नाही. म्हणजे त्या जास्तीच्या तेजातून जाहिरातदाराला काहीच मिळत नाही. शेतकऱ्याचेही आहे. तूर हे लहान दिवसाचे पीक. त्याला फुलोऱ्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. शेवंतीचे उत्पादक तर फुले लांबवण्यासाठी मुद्दाम रात्री दिवे लावतात. जे शेवंतीवाला हिशेबाने करतो, ते बांधाला लागून असलेला फलक बेहिशेबी करू शकतो.

मुंबई महानगरपालिकेने २०२४ साली जाहिरात धोरणाचा मसुदा काढला. त्यात डिजिटल फलकांसाठी तेजाचे ३:१ हे गुणोत्तर आणि रात्री अकराला बंद करण्याची अट होती. उजेडाची दखल घेतली गेली, याचे स्वागत. पण गुणोत्तराची अट मला पटत नाही. गुणोत्तर म्हणजे कशाशी कशाचे? पार्श्वभूमी म्हणून शेजारची उजळलेली इमारत धरायची की काळे आकाश? शहरात जितका झगमगाट जास्त, तितकी मुभा जास्त, असा याचा अर्थ होतो. आणि मिरजगावच्या वेशीबाहेर पार्श्वभूमी जवळजवळ शून्य. शून्याची तिप्पट शून्यच. नियम असा हवा की जो ग्रामसेवकाला घड्याळ आणि साधा लक्समापक घेऊन तपासता येईल. अमुक वाजता बंद, वरच्या दिशेने झोत नको, शेजारच्या खिडकीत अमुक लक्सहून अधिक नाही.

अशा नियमांचा उगम जाहिरातीतच आहे, हे फारसे ठाऊक नसते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नावाचे गाव आहे. १९३० साली प्लूटोचा शोध लागला ती लॉवेल वेधशाळा तिथलीच. १५ एप्रिल १९५८ रोजी, म्हणजे आपला ग्रामपंचायत अधिनियम आला त्याच वर्षी, तिथल्या नगरपरिषदेने जाहिरातीच्या प्रकाशझोतांवर बंदी घातली. दंड तीनशे डॉलरपर्यंत, कैद नव्वद दिवसांपर्यंत. रस्त्याच्या दिव्यांचा विचार नंतर आला. १९८९ मध्ये तर एकरी किती ल्युमेन, अशी मर्यादाच घातली गेली. एकरी उतारा मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे माप समजावून सांगावे लागणार नाही.

इतके लांबही जायला नको. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. गाव अंधारात गेले नाही; आकाशाकडे वाया जाणारा उजेड रस्त्यावर आला. अर्थात तिथे वाघ होते, वनखाते होते, पर्यटक येणार होते. आमच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, पण मिरजगावच्या फलकासाठी काळवीट साक्षीला येईल असे वाटत नाही. इथे साक्ष मुलांच्या वह्यांचीच.

म्हणून मित्राला इतकेच सुचवले. एकाच अमावास्येला, एकाच वेळी, गावातील पाच-सहा ठिकाणांहून मृगाच्या चौकोनातले तारे मोजायचे. प्रत्येक ठिकाणी लक्समापक धरायचा. मोबाइलवरचा चालेल, फक्त सगळीकडे तोच एक वापरायचा. मग तो तक्ता ग्रामसभेत ठेवायचा. फलकासाठी ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला लागत असेल, तर त्यात वेळेची आणि दिशेची अट घालण्याची मागणी करायची.

त्या दुकानदाराला आम्ही दुसऱ्या दिवशी भेटलो. माणूस सज्जन. दुकान नऊला बंद होते, पडदा बंद करायला मध्यरात्री कोण येणार, असे त्याचे म्हणणे. मित्राने मागच्या फळीकडे बोट दाखवले. शेतपंपाला लावायचे टायमर तिथे ओळीने मांडले होते. तो हसला, एक काढून पुसला, आणि पडद्याची वीज इतक्या छोट्या टायमरला झेपेल का, असे त्यानेच आम्हाला विचारले. वायरमनला विचारून सांगतो म्हणाला.