ध्वनिमुद्रिका : साक्ष आणि संहिता

मराठीतील संगीतविषयक लेखनाचा अधिकार बहुतांशी प्रत्यक्ष श्रवणाच्या साक्षीवर उभा आहे. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९), वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’ (१९६१), बी. आर. देवधर यांचे ‘थोर संगीतकार’ या ग्रंथांची प्रकृती परस्परांहून भिन्न आहे. तरीही तिन्हींमागे मैफलीत बसून ऐकणारा एक जाणता कान आहे आणि वाचकाने त्या कानावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा आहे. हा विश्वास अस्थानी नव्हता. मात्र या परंपरेत ध्वनिमुद्रिकेचे स्थान दुय्यम राहिले. तबकडीवरचे गाणे म्हणजे मैफलीची त्रोटक छाया, असे सामान्यतः मानले गेले. तबकड्या जमवणारा हा छंदिष्ट ठरला, अभ्यासक ठरला नाही. या गृहीतकाची तपासणी आवश्यक आहे, कारण संगीताच्या इतिहासात कोणाचे नाव उरते आणि कोणाचे पुसले जाते, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

तुलनेसाठी जॅझचा विचार उपयुक्त ठरतो. ख्यालाप्रमाणेच जॅझमध्येही उपज हे निर्मितीचे तत्त्व आहे. लिहिलेली स्वरलिपी येथे सांगाड्यापुरतीच असते. तथापि जॅझच्या समीक्षेने फार लवकर ध्वनिमुद्रिकेलाच संहिता मानले. जॅझची पहिली तबकडी १९१७ मध्ये निघाली आणि १९३६ मध्ये शार्ल दलोने या फ्रेंच अभ्यासकाने जॅझ-तबकड्यांची तपशीलवार सूची ‘हॉट डिस्कोग्राफी’ या नावाने प्रसिद्ध केली. कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणकोणते वादक बसले होते, याची नोंद हा तेथे समीक्षेचा पाया झाला. चार्ली पार्कर यांनी ‘एम्ब्रेसेबल यू’ ही धून ऑक्टोबर १९४७ मध्ये एकाच बैठकीत दोनदा वाजवली. दोन्ही मुद्रणे उपलब्ध आहेत आणि दोहोंतील स्वरवाक्ये एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी आहेत. उपज म्हणजे काय, हे एरवी विधान करून सांगावे लागते. येथे ते दोन पाठ शेजारी ठेवून दाखवता येते.

‘पाठ’ हा शब्द येथे हेतुपूर्वक वापरला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यामागे शेकडो पोथ्या पडताळून पाहण्याचे कष्ट आहेत. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही तर मराठी पाठचिकित्सेची आद्य घटना. तबकड्यांचा गंभीर संग्राहक नेमके हेच काम करतो. लेबलावरचा क्रमांक आणि मेणावर कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक यांत तो भेद करतो. एकाच चिजेची दोन मुद्रणे असतील तर ती वेगळी ओळखतो. पुनर्मुद्रणात काय कापले गेले, ते शोधतो. तबकडीची गती हा तर या चिकित्सेचा कळीचा प्रश्न आहे. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण आरंभी सर्वत्र पाळले जात नव्हते. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. लयही तेवढीच वाढते, आवाजाचा पोतही पालटतो. अशा तबकडीवरून एखाद्या गवयाच्या ‘उंच, पातळ आवाजा’विषयी केलेले विधान हे चुकीच्या पोथीवरून केलेल्या अर्थनिर्णयाइतकेच निराधार ठरू शकते.

मैफलवादी समीक्षेचा आक्षेप मात्र पोकळ नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. ख्यालाचे मर्म बढतीत असेल, तर तीन मिनिटांत ख्याल मावणे शक्य नाही. विलंबित लयीतील राग-विस्तार तबकडीवर शोधणे व्यर्थ होय. परंतु या मर्यादेने एक वेगळा आकृतिबंधही घडवला. गवयाला आपल्या गाण्यातून निवड करावी लागली : बंदिशीचा मुखडा किती वेळा घ्यायचा, अंतऱ्याकडे केव्हा वळायचे, तान कोठे ठेवायची. ही निवड म्हणजे कलावंताने स्वतःच्या गायकीचे केलेले भाष्यच होय. अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि पुन्हा तीसच्या दशकात तबकड्या दिल्या. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीत काही घाईने उरकल्यासारखे वाटत नाही. वेळ अपुरा आहे याची जाणीव श्रोत्याला होऊ न देणे, हे या आकृतिबंधातले कौशल्य होय. मैफल आणि तबकडी यांचा संबंध महाकाव्य आणि अभंग यांच्यासारखा पाहता येईल. एकाच्या निकषाने दुसऱ्याला उणे ठरवण्यात अर्थ नाही.

केसरबाई केरकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ध्वनिमुद्रणाबाबत त्यांनी राखलेली कठोर अलिप्तता सर्वश्रुत आहे. त्यांची कीर्ती जयपूर-अत्रौली गायकीतील भरदार, अखंड बढतीची. असे असूनही १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून जी सुवर्ण तबकडी अंतराळात गेली, तीवर त्यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. ‘ही खरी केसरबाई नव्हे’ असे त्यांच्या मैफली ऐकलेला श्रोता म्हणू शकेल आणि बढतीपुरते ते खरेही आहे. पण आकाराचा खुलेपणा आणि आवाजाची फेक यांविषयी ग्रंथांत जे लिहिले गेले, ते पडताळण्याचे साधन नंतरच्या पिढीजवळ प्रामुख्याने अशी मुद्रणेच आहेत.

साक्ष आणि संहिता यांतील अंतर सर्वांत तीव्रतेने जाणवते ते नावांच्या बाबतीत. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात पहिली मोठी मुद्रणमोहीम केली, तेव्हा प्रतिष्ठित गवयांपैकी अनेक जण यंत्रापुढे गाण्यास कचरत होते. पुढे आल्या त्या प्रामुख्याने व्यावसायिक गायिका. गौहरजान गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. कारखान्याच्या सोयीसाठी सुरू झालेल्या या प्रथेने नकळत मोठे काम केले : ज्यांना चरित्रग्रंथांत जागा मिळणार नव्हती, त्या स्त्रियांची नावे त्यांच्याच आवाजात शिल्लक राहिली. पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांचा ‘एकच प्याला’च्या चालींत मोठा वाटा होता. नाट्यसंगीताच्या इतिहासात हा उल्लेख ओझरता येतो. त्यांच्या तबकड्यांवर मात्र त्या पूर्ण उपस्थित आहेत.

तथापि तबकडी ही निष्पक्ष साक्षीदार आहे, असाही समज नको. लेबल हाही एक संपादित मजकूर असतो. सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातील जॅझचा रंग सर्वपरिचित आहे. त्यामागे गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, यांचा सहभाग होता. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. चित्रपटगीतांच्या लेबलावर मात्र गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. वादकांना आणि वाद्यमेळ रचणाऱ्यांना तेथे सहसा स्थान नसे. मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत घडलेल्या गोमंतकीय वादकांच्या एका पिढीचा आवाज या तबकड्यांवर आहे, नाव नाही. संग्राहकाने जोडलेली टिपणे नसतील, तर हे मौन ऐकूच येत नाही.

हे काम भारतात संघटितपणे होऊ लागले त्याला आता काही दशके लोटली. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकाने सूची आणि टिपणे प्रसिद्ध केली. मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रकाशित केली. मराठी संगीतसमीक्षेने या सामग्रीचा पुरेसा उपयोग करून घेतला आहे, असे म्हणवत नाही.

दरम्यान श्रवणाची परिस्थितीच पालटली. पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माहिती-तंत्रज्ञानाचे उद्यान आकारास येऊ लागले. आज तेथे नोकरीस जाणाऱ्या श्रोत्याच्या खिशातील फोनवर अब्दुल करीम खाँ आणि चार्ली पार्कर शेजारी असतात. एका पिढीने जुन्या बाजारात हिंडून जे मिळवले, त्याहून अधिक त्याला बसच्या रांगेत उभे असताना ऐकता येते. ही समृद्धी नाकारण्याचे कारण नाही. परंतु साठा आणि संग्रह यांत भेद आहे. फोनवर पोचलेले गाणे पुष्कळदा आपल्या लेबलापासून तुटलेले असते : साल नसते, साथीदार नसतात, कोणत्या गतीवरून ते उतरवले हे ठाऊक नसते, कधी रागाचे नावही चुकीचे असते. जवळ अमाप पोथ्या असाव्यात आणि एकीचीही पुष्पिका नसावी, अशी ही अवस्था आहे. ती सुधारण्यास लागणारी कुशलता त्याच हिंजवडीत आहे. अभाव आहे तो अशा नोंदीची गरज सांगणाऱ्या समीक्षेचा.

अखेर ज्यांचे मुद्रणच नाही, त्यांचा प्रश्न उरतो. पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तबकडीवर नाही. जॅझच्या आरंभीचे न्यू ऑर्लिन्सचे बडी बोल्डन यांचेही कोणतेच मुद्रण हाती नाही. येथे समीक्षेला साक्षीवरच विसंबावे लागते आणि टेंबे-देवधरांच्या लेखनाचे मोल येथे सर्वाधिक आहे. मात्र ज्यांचे मुद्रण आहे त्यांच्याविषयी याच लेखकांनी जे लिहिले, ते तबकड्यांशी ताडून पाहिले, तर कोणाचा कान कोठे विश्वसनीय आणि कोठे भक्तीने भारलेला, याचा अंदाज बांधता येईल. तो अंदाज हाती असेल, तर भास्करबुवांविषयीचे उतारेही अधिक विवेकाने वाचता येतील.