पाटीवर नसलेला शब्द

मागच्या वेळी विटांच्या भाजणीचं तापमान कसं ओळखतात ते लिहीन असं कबूल केलं होतं. लिहिणार आहेच, पण आधी थोडं मुंबईत फिरून येऊ. बाबा दोन दिवस आले होते. सिद्धेश्वरने सकाळी दादरला उतरले आणि चहा व्हायच्या आत म्हणाले, "या वेळी समुद्र नको, म्युझियम दाखव." बाबा निवृत्त शिक्षक आहेत, विषय मराठी. संदर्भासह स्पष्टीकरण हा प्रश्न तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. याचा पुढे संबंध आहे.

पहिलं अर्थातच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुने लोक अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. १९०५ साली पायाभरणी, जॉर्ज विटेटची वास्तू. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे लोकांसाठी दारं १९२२ साली उघडली. घुमट पाहून बाबांना विजापूर आठवलं आणि ते बरोबरच होतं. एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल तर हेच पाहा. सगळं मात्र पाहू नका, पाय आणि डोकं दोन्ही दुखतं.

मी त्यांना सरळ मीरपूरखासच्या मूर्तींकडे नेलं, कारण माझा विषय भाजलेली माती. मीरपूरखास सिंधमध्ये. तिथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९०९-१०च्या सुमारास केलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता (१९३६ पर्यंत होता), म्हणून आज पाकिस्तानात असलेल्या गावच्या मूर्ती इथे आहेत. त्यात हातात कमळ घेतलेला एक पुरुष आहे. दगड नाही, धातू नाही, माती. इतक्या मोठ्या आकाराची माती न तडकता भाजणं काय असतं ते मी प्रयोगशाळेत चार इंचांच्या तुकड्यांवर शिकते आहे, आणि माझे तुकडे तडकतात. त्यामुळे या माणसासमोर मी नेहमीच जरा जास्त वेळ उभी राहते.

काळ पाचव्या शतकाच्या आसपासचा मानतात, तसं मी सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कशावरून?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. उत्तर मला माहीत होतं, पण त्या दालनात ते कुठेही बोट ठेवून दाखवता येईना. हा त्या संग्रहालयाचा खास दोष नाही. जगभर पाटीचा साचा हाच आहे: काय, कशाचं, कुठलं, कोणत्या शतकातलं. निष्कर्ष चार ओळींत मिळतो, पुरावा मिळत नाही. शाळेत कोणी असा पेपर लिहिला असता तर बाबांनी पाचपैकी एक गुण दिला असता.

उत्तर असं आहे. अशा मूर्तींचा काळ मुख्यतः शैलीवरून ठरतो. चेहऱ्याची ठेवण, केसांची वळणं, वस्त्राच्या चुण्या हे सगळं गुप्तकाळातल्या, काळ माहीत असलेल्या इतर शिल्पांशी ताडून पाहतात. म्हणजे तज्ज्ञाची नजर. हे ऐकून बाबा किंचित नाराज झाले. "अगं, मग तुमचं विज्ञान काय करतं?"

विज्ञानाकडे उष्मादीप्ती नावाची पद्धत आहे. मातीत क्वार्ट्झचे कण असतात. आजूबाजूच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियममधून सतत बारीक किरणोत्सर्ग होत असतो, आणि त्यामुळे सुटलेले काही इलेक्ट्रॉन या कणांमधल्या खळग्यांत अडकून बसतात. वर्षागणिक अडकलेल्यांची संख्या वाढते. वस्तू भट्टीत गेली की खळगे रिकामे होतात, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. पुढे दीड हजार वर्षांनी प्रयोगशाळेत चिमूटभर पूड पुन्हा तापवली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि मंद प्रकाश देतात. त्या प्रकाशावरून एकूण मात्रा काढायची, तिला वर्षाच्या मात्रेने भागायचं, झालं वय.

ऐकायला झकास वाटतं. पण यात साधारण पाच ते दहा टक्के चूक गृहीत धरावी लागते. दीड हजार वर्षांच्या वस्तूला ती ७५ ते १५० वर्षं दोन्ही बाजूंना होते. म्हणजे माझं यंत्र "चौथं ते सहावं शतक" इतकंच म्हणेल. शिवाय मूर्तीला भोक पाडून पूड काढायची आणि वर्षाची मात्रा मोजायला ती जिथे पुरली होती तिथली माती हवी. शंभर वर्षांपूर्वी खणताना ही पद्धतच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे माती जपून ठेवायचं कोणाच्या मनात कशाला येईल? तेव्हा इथे नजरेचा अंदाज यंत्रापेक्षा नेमका असू शकतो. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला हे कबूल करायला जरा जड जातं. पण हीच गोष्ट पाटीवर असती तर लोक तिथे दोन मिनिटं जास्त थांबले असते असं मला खरंच वाटतं.

पक्ष्यांच्या दालनात हे आणखी जाणवलं. जीवशास्त्राच्या संग्रहात प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधायची पद्धत असते: कुठे, कधी, कोणी मिळवला. ती चिठ्ठी गेली की नमुन्याची किंमत गेली. "कशावरून"चं उत्तर तिथे पायालाच लटकत असतं. पण काचेमागच्या मांडणीत पक्षी सुंदर दिसावा लागतो, चिठ्ठी नाही.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राबद्दल थोडक्यात. १९८५ पासूनचं, मुलांना घेऊन जाच. बटण दाबा, चाक फिरवा, हात लावायला बंदी नाही, हे फार मोलाचं आहे. माझी तक्रार एवढीच की अशा केंद्रांतला प्रयोग नेहमी यशस्वी होतो. त्यातून विज्ञान म्हणजे बरोबर उत्तरांची जत्रा असा समज होतो. माझ्या प्रयोगशाळेत या, आठवड्यातले चार दिवस काय चालतं ते दाखवते.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याला राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२चं, मुंबईतलं सर्वांत जुनं. २००३ ते २००८ दुरुस्ती होऊन पुन्हा झळाळलेलं. १९७५ पर्यंत नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. आता ज्यांचं नाव आहे ते भाऊ दाजी डॉक्टर होते, कुष्ठरोगावर औषध शोधत होते, आणि जोडीला जुने शिलालेख वाचत होते. शिलालेख वाचणाऱ्याला "कशावरून" हा प्रश्न दर अक्षराला पडतो. असा माणूस आजच्या पाट्या वाचून काय म्हणाला असता?

आत मुंबईच्या लोकांच्या छोट्या मातीच्या बाहुल्या आहेत. निरनिराळ्या जातीजमाती, पगड्या, व्यवसाय. बाबांना त्या फार आवडल्या, मला अस्वस्थ करतात. एका जमातीचा एक चेहरा, एक पगडी, झाला नमुना. "हे असेच दिसायचे" हे कशावरून? कोणी ठरवलं? वसाहतीच्या काळातली वर्गवारीची हौस त्या बाहुल्यांत दिसते. एक सांगायला हवं: या संग्रहालयाने आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावून जुन्या संग्रहाशेजारी त्यांची कामं मांडली, २०११ मध्ये जितीश कल्लाटचं प्रदर्शन तिथे झालं. जुन्या वस्तूला प्रश्न विचारायची ही एक चांगली रीत आहे.

पण मला सगळ्यांत आवडतो तो बाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीचा. पोर्तुगीजांनी याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत क्रेन मोडली, हत्ती पडला आणि तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये तुकडे जुळवून तो उभा केला. नीट पाहिलं तर सांधे दिसतात. बाबा त्याच्याभोवती तीनदा फिरले, बोटाने हवेतच सांधे मोजले, आणि या वेळी मला काही विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी तिकिटाच्या मागे मीरपूरखासच्या मूर्तीसाठी स्वतःची पाटी लिहिली. "कमळधारी पुरुष. भाजकी माती. सुमारे पाचवे शतक, शैलीवरून." आणि म्हणाले, "एक शब्द वाढवायला कितीसा खर्च येतो?"

मग त्यांनी माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचायला मागितलं. त्यात माझं वाक्य होतं: "या विटा ९०० अंशांवर भाजलेल्या आहेत." खरं तर मला दिसलं होतं ते इतकंच की क्ष-किरणांच्या आलेखात कॅल्साइट जवळपास नाही, म्हणजे साधारण ८०० अंश ओलांडले, आणि मुलाइट नाही, म्हणजे हजाराच्या फार वर गेलं नसावं. जे थोडं कॅल्साइट दिसतं ते जमिनीतल्या पाण्यातून नंतर आलेलं असू शकतं. शिवाय भट्टी किती तास धगधगत होती ते मला ठाऊक नाही. मधला आकडा घेऊन मी मोकळी झाले होते.

बाबांनी पेन्सिलने समासात एकच शब्द लिहिला होता. कुठला ते सांगायला नको. प्रकरण परत लिहिते आहे, म्हणून विटांची पोस्ट अजून एक महिना पुढे.